फर्नांडिनाचे बापूकाका

बापूकाका गॅलापागोसला जाऊन आल्यापासून जिना उतरत नाहीत, लँडिंग करतात. जिना कोरडा असला तर ड्राय लँडिंग. शनिवारी कामवाल्या बाई जिना धुऊन गेल्या असल्या तर वेट लँडिंग. वेट असलं की चपला हातात, पँट पोटरीच्या वर, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांना खाली उभ्या असलेल्या माणसाचा हात. हा हात हस्तांदोलनाला देतात तसा द्यायचा नाही. एकमेकांचं मनगट धरायचं, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. होडीत चढता-उतरताना खलाशी असंच धरतात म्हणे. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो आणि शनिवारी मला सुट्टी असते, त्यामुळं मैसूरच्या सरस्वतीपुरममधला खलाशी मीच.

माणूस मूळचा वाईचा. बँकेनं बदलीवर मैसूरला पाठवला. इथली हवा मानवली, दोसा त्याहून मानवला आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहूनच गेलं. कानडी शिकले ते भाजी घेण्यापुरतं आणि रिक्षावाल्याशी वाद घालण्यापुरतं. सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी, अकराला कॉफी, दुपारी वर्तमानपत्र मागच्या पानापासून पुढं. असा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. मग 2024 च्या नोव्हेंबरात टेक्ससमधल्या मुलानं आईवडिलांना आठवडाभर प्रशांत महासागरात फिरवून आणलं.

त्याला क्रूझ म्हणायचं नाही. म्हटलं की काका हात वर करून थांबवतात. "एक्स्पिडिशन! क्रूझवर लोक जेवायला जातात. मोहिमेवर जेवण आपोआप होतं."

"आपोआप पाच वेळा व्हायचं," काकू आतून म्हणतात.

यात्रा करून आलेल्या माणसांच्या जाती आपल्याला नव्या नाहीत. पूर्वी काशीहून परतलेला माणूस गंगेचा गडू घेऊन यायचा, मावंदं घालायचा आणि काशीत सोडून दिलेली भाजी आयुष्यभर खायचा नाही. त्याचा त्रास फार तर आळूपुरता असे. नंतर 'आमच्या अमेरिकेत' म्हणणारी जात आली. तिच्यापुढं नुसतं बसून 'हो का?' म्हटलं की भागायचं. बापूकाकांची जात त्यापुढची. हिला श्रोते नको असतात, हिला प्रवासी लागतात. तुम्ही त्यांच्याकडं साखर मागायला गेलात तरी मोहिमेत सामील झालेले असता.

आठवड्यातले बाकीचे दिवस काकांनी आपल्याला माफ केलेत. सांगतात तो एकच, फर्नांडिनाचा. तो दिवस पहाटे साडेपाचला सुरू झाला आणि माझ्या माहितीप्रमाणं अजून संपलेला नाही.

आधी नकाशा. भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर तो काढलेला आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत, समुद्राच्या तळातून ज्वालामुखींनी वर काढलेली बेटं. मधोमध विषुववृत्त. इसाबेला हे समुद्रघोड्याच्या आकाराचं मोठं बेट. सहा ज्वालामुखी एकमेकांना चिकटून झालेलं. आणि त्याच्या पश्चिमेला फर्नांडिना, वयानं सगळ्यांत धाकटं. या बेटाला दहा लाख वर्षंही झालेली नाहीत, हे काका अशा आवाजात सांगतात की आपल्याला वाटावं, बारशाला हे हजर होते. "1835 साली डार्विन इथं पाच आठवडे होता," ते म्हणतात आणि थांबतात. स्वतः किती होते ते सांगत नाहीत. पण त्या थांबण्यात दोघांचा हिशेब बराचसा मिटलेला असतो.

काका गेले त्याच वर्षी मार्चमध्ये फर्नांडिनावरचा ला कुंब्रे ज्वालामुखी फुटला होता आणि लाव्हा उतारावरून समुद्राकडं वाहत गेला होता. काका आठ महिन्यांनी उशिरा पोचले. मुलानं मार्चची तिकिटं का काढली नाहीत, हा विषय त्या घरात आजही जपून काढावा लागतो. त्यातच ऑगस्टपासून आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांची प्रवेश फी शंभर डॉलरची दोनशे झाली होती. म्हणजे ज्वालामुखी चालू होता तेव्हा फी निम्मी, आणि थंड झाल्यावर दुप्पट. निवृत्त बँकवाल्याच्या काळजाला हे जे लागलं आहे ते कुठल्याही लाव्हानं लागलं नसतं.

मग दिवस. पहाटे कर्ण्यातून हाक. डेकवर कॉफी. नॅचरलिस्टचं ब्रीफिंग. हा नॅचरलिस्ट राष्ट्रीय उद्यानाचा परवाना असलेलाच लागतो, आणि एका नॅचरलिस्टमागं सोळाच्या वर माणसं चालत नाहीत. प्राण्यापासून दोन मीटर अंतर. पायवाट सोडायची नाही. खायचं काही न्यायचं नाही. बेटावरून काही म्हणजे काही उचलायचं नाही. शिंपला नाही, पीस नाही, खडा नाही. परकं बी बेटावर रुजू नये म्हणून येतानाच विमानतळावर सामान तपासतात, आणि काकूंच्या बटव्यातले मेथीदाणे तिथंच राहिले होते. "माझी मेथी रुजली असती तर त्या घोरपडींचीच सोय झाली असती," असं काकूंचं म्हणणं.

घोरपडी हा या कथेचा गाभा. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारी जगातली ही एकच पाल-सरड्यांची जात. काळ्या लाव्हावर काळ्याच इग्वाना शेकड्यांनी एकमेकींवर पाय टाकून ऊन खात पडलेल्या असतात. आधी दगडच वाटतात आणि मग एखादा दगड शिंकतो. समुद्राचं खारं पाणी पोटात जातं, ते जास्तीचं मीठ नाकाजवळच्या ग्रंथींत गोळा होतं आणि शिंकेसरशी बाहेर उडतं. काका हे सांगत नाहीत, करून दाखवतात. मान आखडतात, डोळे अर्धे मिटतात, दोनदा खाली-वर होतात आणि शिंकतात. समोर बसणाऱ्यानं दोन मीटरचा नियम पाळावा, हे मी स्वानुभवानं सांगतो.

त्यानंतर पाणकावळा. जगात पाणकावळ्यांच्या इतक्या जाती, पण फर्नांडिना-इसाबेलाच्या किनाऱ्यांवरचा हा एकटाच उडू शकत नाही. मागं लागणारं कुणी नाही, मासे पायाशी, उडायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत गेले. तरी पोहून आल्यावर तो ते तोकडे पंख पसरून वाळवत उभा राहतो. इथं काकांचा आवाज हळवा होतो. निवृत्त माणसाला या पक्ष्याबद्दल ममत्व वाटणं साहजिक आहे.

"आणि हे उतरले कसे ते नाही सांगितलंत," काकू म्हणतात.

"ड्राय लँडिंग."

"कार्यक्रमात ड्राय होतं. यांनी वेट केलं. त्या सीललासुद्धा कळलं, हा काही इथला नव्हे."

"सी-लायन," काका सुधारतात. बाकीचं वाक्य ते सुधारत नाहीत.

आता अशा माणसानं मैसूरला राहायचं कसं? मोहिमेला बेट हवं, ज्वालामुखी हवा. आल्या-आल्या काकांनी चामुंडीच्या डोंगरावर डोळा ठेवला. घराच्या गच्चीवरून तो शंकूसारखा दिसतो, संध्याकाळी वर दिवे लागतात, संशयाला जागा होती. पण चौकशी केली तर तो ग्रॅनाइटचा निघाला. ग्रॅनाइट म्हणजे जमिनीखालून वर यायला निघालेला आणि पोटातच थंड झालेला रस. कधी बाहेर आलाच नाही, काकूंच्या रागासारखा. मग काका मालपेला जाऊन आले. उडुपीजवळ समुद्रात सेंट मेरीज बेटं आहेत, ती खरोखर ज्वालामुखीची; लाव्हा थंड होताना चिरा पडून त्याचे उभे बहुकोनी खांब झालेत, रचून ठेवल्यासारखे. मादागास्कर आपल्यापासून सुटून निघालं तेव्हाचा हा लाव्हा, जवळजवळ नऊ कोटी वर्षांचा. 1498 साली वास्को द गामानं इथं क्रूस रोवला आणि मेरीचं नाव दिलं, असं सांगतात. पण काका परत आले ते तोंड पाडून. "खांब उत्तम. पण एक प्राणी शिंकेल तर शपथ."

शेवटी उरलं रंगनतिट्टू. मैसूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर, श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रातली छोटी बेटं. बेटं आहेत, होड्या आहेत, पक्षी आहेत, मगरी आहेत. ज्वालामुखी तेवढा नाही. पण काकांनी प्रशासकीय मंजुरी गृहीत धरून काम सुरू केलं. तेव्हापासून त्यांच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची तिथं मोहीम निघते. आदल्या रात्री जेवणानंतर हॉलमध्ये ब्रीफिंग. दाराशी बूट झाडून, तळवे ओल्या फडक्यानं पुसून मगच गाडीत. पाहुणे वृंदावन गार्डन म्हणून बसतात आणि त्यांच्या हातात दुर्बीण येते.

या फेब्रुवारीत काकूंच्या बहिणीची पुण्याची नात आली होती. मुलगी भूशास्त्र शिकते, हे काकांना कळलं होतं आणि आवडलंही होतं. मोहिमेला शास्त्रज्ञ असलेला बरा. मीही होतो, खलाशी म्हणून.

धक्क्यावर वनखात्याची वल्ह्याची होडी, आणि तिच्यात एक सावळे, किडकिडीत नावाडी. काकांनी आधी त्यांना विचारलं, "नॅचरलिस्ट यारु?"

नावाड्यांनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि छातीवर बोट ठेवलं. मग होडी ढकलली आणि एका दमात सुरू केलं: ते पेंटेड स्टॉर्क, ते ओपनबिल, ते स्पूनबिल, तिकडं रिव्हर टर्न, खडकाच्या पोटाखाली मातीची घरटी ती स्ट्रीक-थ्रोटेड स्वॅलोची, बांबूच्या बेटात रातबगळा झोपलाय, वर उलटी टांगलीत ती वटवाघळं. काकांचा परवान्याचा मुद्दा तिथंच मिटला. चित्रबलाकांची ऐन विणीची वेळ होती. झाडं पांढऱ्या-गुलाबी पिसांनी इतकी लगडलेली की फांदी शोधावी लागे. वास असा की बेटं जिवंत आहेत याबद्दल शंका राहू नये. चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत दर्वीमुख चालले होते आणि पुण्याची मुलगी न बोलता बघत होती. बघण्यासारखंच होतं. काका मात्र बघत नव्हते, ते जुळवत होते. प्रत्येक पक्ष्यापाशी "तिकडं याच्याऐवजी..." अशी सुरुवात.

एका खडकावर पाणकावळा पंख पसरून उभा होता. काकांनी हात वर केला. होडीत शांतता. "बघा," ते कुजबुजले, "तस्साच!" आणि पाणकावळा उडाला. सरळ पाण्याला समांतर जाऊन पलीकडच्या झाडावर बसला.

"हा उडतो," काका म्हणाले. फसवणूक झाल्यासारखं.

पुढं मगर. सपाट खडकावर अंग टाकून, जबडा उघडा ठेवून ऊन घेत पडलेली. नावाड्यांनी होडी इतकी जवळ नेली की तिचे दात मोजावेत. काकांनी नियम काढला: दोन मीटर! त्यांना मोडकंतोडकं कानडी सुचेना, म्हणून ते हात लांब करून अंतर दाखवू लागले. हात होडीच्या बाहेर, मगरीच्या दिशेनं.

"कै ओळगे इडि, सार," नावाडी वल्हं न थांबवता म्हणाले. हात आत ठेवा.

"तिकडं प्राणी माणसाला अजिबात भीत नाहीत," काका हात आत घेत आम्हाला म्हणाले.

नावाड्यांना मराठी किती समजत होतं कोण जाणे. "मोसळेनू हेदरल्ल, सार," ते म्हणाले. मगरही भीत नाही.

त्या दिवशी काकांवर खरा आघात मात्र मुलीनं केला, तोही अगदी सहज. बेटं कशी झाली, असं काकांनी परीक्षकाच्या थाटात विचारलं. ती म्हणाली, "बापूआजोबा, ही राजानं केली." सतराव्या शतकात, 1645 ते 1648 च्या सुमारास, मैसूरच्या कंठीरव नरसराज वडियारांनी कावेरीवर बंधारा घातला, पाणी तुंबलं, पसरलं आणि उंचवटे तेवढे वर राहिले. त्यावर पक्षी आले. 1940 साली सलीम अलींनी पाहिलं आणि मैसूर दरबाराला पटवलं, म्हणून अभयारण्य झालं. 2022 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. नावाडी सलीम अलींचं नाव ऐकून मान डोलावत होते. ते नाव त्यांच्याही भाषणात पुढं येणारच होतं.

"राजानं," काका म्हणाले. "पाटबंधारे खात्याचं काम."

"पण हे खडक बघा ना! इथल्या भागातला हा नाइस तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. तुमचं फर्नांडिना याच्यापुढं..." ती शब्द शोधत थांबली. "अजून ओलं आहे."

परतीच्या वाटेवर काका बोलले नाहीत. श्रीरंगपट्टणाला कॉफी घेतली तेव्हा त्यांनी एवढंच काढलं, की त्यांनी तिकडून एक खडा तरी आणायला हवा होता. एवढासा, काळा, लाव्हाचा. नखाएवढा! पण नाही आणू देत. बुटाच्या खाचेत अडकलेला कणसुद्धा बोटीवर चढण्याआधी ब्रशनं काढून घेतला. आपल्या घरात त्या लाव्हाचं काही नाही, फक्त निळ्या पायांच्या पक्ष्याचा एक मग आहे, आणि त्याच्यावर मागं दुसऱ्याच देशाचं नाव छापलेलं आहे.

घरी आलो तर काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ठेचा वाटत होत्या. मिक्सर आहे, पण ठेच्याला त्या मिक्सर लावत नाहीत. वाईहून बदलीच्या ट्रकमधून आलेला पाटा-वरवंटाच लागतो. मुलगी त्यांच्यासमोर बसली, तिनं पाट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मोबाइलचा दिवा पाडून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हा बेसॉल्ट आहे. इथला नाही. इथले रगडे ग्रॅनाइटचे असतात."

"वाईचा गं. सासूबाईंचा."

"म्हणजे लाव्हा."

हॉलमध्ये काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज मला आला.

दख्खनचं पठार लाव्हाचं, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत पाठ केलं होतं, मार्कही पडले होते. पण तो भूगोलातला लाव्हा आणि हा ठेच्याचा पाटा, यांची त्यांच्या आयुष्यात कधी ओळखच झाली नव्हती. मुलगी सांगत होती आणि ते दारात उभे होते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून रस वाहिला, थरावर थर बसले. आज उरलंय तेवढंसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पसरणीचा घाट चढताना डोंगराला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते एकेक थर. मेणवलीचा घाट, वाईची देवळं, कृष्णेच्या पात्रातले काळे खडक, सगळं तेच.

"ज्वालामुखी?" काका म्हणाले. "आमच्या वाईला?"

"तुम्ही जन्मलातच लाव्हावर, आजोबा."

"त्यावरून मी शाळेत जात होतो," काका सावकाश म्हणाले. "अनवाणी." मग जरा वेळानं, "ड्राय लँडिंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर मागायला वर गेलो तर पाटा हॉलमध्ये आलेला होता. टीव्हीच्या शेजारी टीपॉयवर, खाली काकूंची इरकलीची जुनी घडी, समोर पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात: बेसॉल्ट, वाई, जि. सातारा, वय 6 कोटी 60 लाख. वरवंट्याला वेगळी चिठ्ठी. आणि जमिनीवर खडूनं ओढलेली रेघ. मापायची पट्टी अजून तिथंच पडलेली होती.

काकू हातात मिरच्यांचं ताट घेऊन रेघेच्या अलीकडं उभ्या होत्या.

"अहो, दोन मीटरवरून ठेचा वाटू कसा?"

काकांनी विचार केला. नियम मोडणं त्यांना शक्य नव्हतं, पण नियमात काय बसतं हे पाहणं हा बँकेतला जुना सराव. "परवानाधारक नॅचरलिस्ट असेल तर काम करता येतं," ते म्हणाले.

"इथं नॅचरलिस्ट कोण?"

काकांनी छातीवर बोट ठेवलं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि ताट त्यांच्या हातात दिलं.

तेव्हापासून त्या घरात ठेचा बापूकाका वाटतात. वाटताना मिरचीची धग नाकात जाते, मान आखडते, डोळे अर्धे मिटतात, आणि मग जी शिंक येते तिनं माझ्या छताचा पंखा हलतो. परवा काळजी वाटून मी जिन्यातून हाक मारली, की काका बरे आहेत ना?

"काही नाही हो," काकू वरून म्हणाल्या. "मीठ बाहेर टाकतायत."